मदत हवी आहे: आदाम, पाप आणि उत्क्रांती यांची सांगड कशी घालायची?

नमस्कार मंडळी. मी संडे स्कूलमध्ये मोठ्या मुलांना शिकवते. गेल्या रविवारी एकीने विचारलं, "बाई, शाळेत उत्क्रांती शिकवतात, तुम्ही बायबलमधलं उत्पत्तीचं पुस्तक शिकवता. खरं काय?" मला नीट उत्तर देता आलं नाही, आणि ते मनाला लागून राहिलंय.

देवाने सहा दिवसांत जग निर्माण केलं असं उत्पत्तीत आहे; तो सहा दिवसांचा प्रश्न मला फारसा अडवत नाही. सूर्य चौथ्या दिवशी निर्माण होतो, म्हणजे पहिले तीन दिवस आपल्या घड्याळातले नसावेत. संत ऑगस्टीननेही डार्विनच्या कितीतरी शतकं आधी ते दिवस शब्दशः घेतले नव्हते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ मध्ये उत्क्रांती हे निव्वळ गृहीतक राहिलेलं नाही, असं मान्य केलं.

माझं घोडं अडतं ते आदामापाशी, म्हणजे बायबलमधल्या पहिल्या माणसापाशी. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो की एका माणसाच्या (म्हणजे आदामाच्या) द्वारे पाप जगात आलं आणि पापाच्या द्वारे मरण. पण जीवाश्म सांगतात की माणसाच्या कोट्यवधी वर्षं आधीपासून प्राणी मरत होते. मग हे मरण म्हणजे आत्मिक मरण समजायचं का? आणि जनुकशास्त्राप्रमाणे मानवजात एका जोडप्यापासून नव्हे, हजारोंच्या समूहातून आली असेल, तर आदाम कोण?

"नुसता विश्वास ठेव" असं मला तिला सांगायचं नाही. ज्यांनी हा गुंता स्वतः सोडवलाय, त्यांनी कसा सोडवला ते कृपया सविस्तर लिहा. रविवारी ती पुन्हा विचारणार आहे.