शाळेने बेट घडवलं की रिकामं केलं?

दर्यावर्दी

गेल्या आठवड्यात स्कॉटलंडच्या पश्चिमेच्या लुईस बेटावर जाऊन आलो. ॲबर्डीनला नऊ वर्षं काढली, पण तिकडे जाणं होत नव्हतं. अलापूलहून बोटीने पावणेतीन तास, त्यातले दोन मी कठडा धरून उभा. शिरोड्याच्या माणसाला बोट लागली, हे कृपया कुणी गावात कळवू नये.

स्टॉर्नोवे हे बेटावरचं एकमेव शहर, म्हणजे आपल्या वेंगुर्ल्यासारखं. भर गावात एक घड्याळाचा मनोरा आहे. हा निकल्सन इन्स्टिट्यूट या शाळेच्या जुन्या इमारतीचा अवशेष. बेटावरचा एक पोरगा बोटीवर इंजिनिअर झाला आणि शांघायमध्ये बॉयलरच्या स्फोटात मेला. आपल्या मुलखातल्या पोरांच्या शिक्षणासाठी तो पैसा ठेवून गेला होता. त्यातून १८७३ साली ही शाळा उभी राहिली. १८९४ ते १९२५ अशी एकतीस वर्षं गिब्सन नावाचे रेक्टर होते (तिकडे मुख्याध्यापकाला रेक्टर म्हणतात), त्यांनी तिचं खरंखुरं हायस्कूल केलं. कोळ्या-शेतकऱ्यांची पोरं थेट ॲबर्डीन आणि ग्लासगोच्या विद्यापीठांत जाऊ लागली. वर्गात पहिला येणारा तो 'डक्स', त्याला पदक. आजही घरोघर अमक्याचा आजा कुठल्या साली डक्स होता ते सांगतात.

आता मुद्दा. ही मुलं घरून गॅलिक, म्हणजे तिथली जुनी भाषा, बोलत यायची. (स्कॉटलंडमध्ये 'गॅलिक' म्हणतात. 'गेलिक' म्हटलं की ते आयरिश समजतात आणि ओठ मुडपतात.) १८७२ च्या शिक्षण कायद्यात गॅलिकचा उल्लेखच नव्हता. शाळा इंग्रजीतून. गॅलिक शिकवली तरी एक विषय म्हणून, लॅटिनच्या शेजारी बसवून. हुशार पोर बाराव्या वर्षी परीक्षा पास होऊन स्टॉर्नोवेला यायचं, लांबच्या गावचं असेल तर खोली घेऊन किंवा वसतिगृहात राहायचं, सहा वर्षांनी बोटीत बसायचं ते ख्रिसमसला पाहुणं म्हणून परत यायचं. मास्तर, डॉक्टर, पाद्री, बोटीवरचे अधिकारी या बेटाने जगाला पुरवले. स्वतःकडे काय ठेवलं? १९११ ला लुईसची वस्ती जवळजवळ ३०,००० होती, २०११ ला २०,००० च्या आत.

माझं मत: इतकी चांगली शाळा बेटाला परवडली नाही. दर वर्षी मलई काढून मुख्य भूमीला पाठवायची, हेच तिचं काम झालं. मतं मांडा. शिव्याही चालतील, पण मालवणीत.

कुळकर्णी मास्तर

छत्तीस वर्षं शिकवलं, म्हणून राहवत नाही. माणसं गाव सोडून गेली की पहिला दगड शाळेवर का पडतो?

लुईसवर १९१९ च्या १ जानेवारीला काय झालं ते तुम्ही लिहिलंच नाहीत. महायुद्ध संपवून घरी येणाऱ्या खलाशांची 'आयोलेअर' ही बोट स्टॉर्नोवे बंदराच्या तोंडाशी खडकावर फुटली. घरचे दिवे दिसत होते. २०१ माणसं बुडाली. त्यानंतर जे जगले-वाचले त्यांना जमीन हवी होती. क्रॉफ्ट म्हणजे खंडाने कसायची चतकोर जमीन. १८८६ च्या कायद्याने कुळाला हुसकता येईना, एवढं बरं झालं, पण जमीन काही वाढली नाही. थोरला भाऊ क्रॉफ्टवर राहिला तर धाकट्याने जायचं कुठे? बेटाचे नवे मालक लॉर्ड लेव्हरह्यूम. साबणाच्या धंद्यातला हा माणूस १९१८ ला बेट विकत घेतो काय, मासळीचे कारखाने काढायची स्वप्नं बघतो काय, आणि १९२३ ला सोडून जातो काय! त्याच १९२३ च्या एप्रिलमध्ये 'मेटागामा' बोट स्टॉर्नोवेहून सुमारे ३०० तरुण माणसं घेऊन कॅनडाला गेली. बहुतेक विशीतले मुलगे, आणि तिकडे गेले ते शेतमजूर म्हणून. ह्यांना काय निकल्सनच्या रेक्टरने लॅटिन शिकवून पाठवलं होतं?

पोटाने पाठवलं. शाळा नसती तरी बोट भरली असती, फक्त सगळेच मजूर म्हणून गेले असते.

टवाळ खवीस

थोडक्यात, मुंबईची गाडी. फक्त फलाटाऐवजी धक्का. ज्या गावात हायस्कूल नव्हतं तिथलेही चाकरमानी झालेच की.

मालवणी मुलगी

धाग्यात आतापर्यंत फक्त 'पोरगे' गेले. पोरींचं काय?

लुईसच्या मुलींसाठी शाळेला पर्याय होता तो हेरिंग मासे साफ करायचा. तिघींची टोळी: दोघी मासा चिरणाऱ्या, एक पिंपात मिठाचे थर लावणारी. बोटींच्या मागोमाग शेटलंडपासून खाली पार यार्मथपर्यंत जायचं. चिरायची छोटी सुरी, तिला कुटाग म्हणतात. हाताला पिठाच्या पोत्याच्या कापडाच्या चिंध्या गुंडाळून सुताने बांधायच्या, कारण सुरी लागली की जखमेत मीठ जायचं. रात्री त्या चिंध्या सोडायच्या आणि सकाळी पुन्हा नव्या बांधायच्या. माझी आजी कोलंबी सोलायला जायची, तिची बोटं मला आठवतात. तर्जनीच्या पेरावर कातडी कायमची पांढरी.

ज्या मुलीला निकल्सनमध्ये सहा वर्षं मिळाली, ती नर्स झाली, शिक्षिका झाली. ती बेटावर राहिली नाही म्हणून रडायचं तर आधी तिला विचारा. दर्यावर्दी, तुम्ही स्वतः तेल कंपनीच्या पगारावर ॲबर्डीनला बसून दुसऱ्यांच्या पोरींनी गावात राहावं म्हणताय, ते गंमतशीर आहे.

दर्यावर्दी

@मालवणी मुलगी, बसला. मान्य. कुटाग तिथल्या एका दुकानात काचेच्या पेटीत पाहिलं, पण त्याच्या मागचा हात डोळ्यांसमोर आला नव्हता.

@कुळकर्णी मास्तर, मेटागामा मान्य, आयोलेअर विसरलो त्याबद्दल माफी. पण तुम्ही पोटाचं बोलताय, मी जिभेचं. जे राहिले त्यांच्या डोक्यात काय भरलं? गॅलिक घरात, गोठ्यात, चर्चमध्ये. इंग्रजी शाळेत, कचेरीत, बँकेत. सहा वर्षं हे रोज पाहिलं की पोराला काही सांगावं लागत नाही, कुठली भाषा वरची आणि कुठली खालची. कवी इयन क्रायटन स्मिथ बेबल गावातून बसने ह्याच शाळेत यायचा. गावात गॅलिक, शाळेत इंग्रजी, मध्ये सात मैलांची बस. तो आयुष्यभर दोन्ही भाषांत लिहीत राहिला आणि आयुष्यभर त्याला ते सलत राहिलं. गॅलिक बोलल्याबद्दल शिक्षा म्हणून पोराच्या गळ्यात लाकूड अडकवायच्या गोष्टी तर तिथे ऐकू येतातच.

नेमका मुद्दा

दोन दुरुस्त्या.

एक. गळ्यातल्या लाकडाच्या गोष्टी हायलंड्सच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखाच्या, वेगवेगळ्या भागांत तोंडी सांगितल्या जातात आणि त्या बहुतेक गावच्या प्राथमिक शाळांच्या आहेत. त्या निकल्सनच्या खात्यावर टाकू नका.

दोन. शाळेच्या भाषेनेच भाषा मरते किंवा जगते असं धरलं, तर १९८५ नंतर उलटा प्रवास दिसायला हवा होता. त्या वर्षी ग्लासगो आणि इन्व्हर्नेसला गॅलिक माध्यमाचे पहिले सरकारी वर्ग सुरू झाले, पुढे बेटांवरही झाले. आकडे बघा. सबंध स्कॉटलंडमध्ये गॅलिक बोलणारे २०११ ला ५७,६०२ होते, २०२२ ला ६९,७०१. वाढले! पण पश्चिमेच्या बेटांवर, जिथे ही भाषा चुलीपाशी होती, तिथे ५२ टक्क्यांवरून ४५ वर आले. म्हणजे शहरात वर्गामुळे वाढतात आणि बेटावर वर्ग असून घटतात. निकल्सनला दोषी धरणं सोपं आहे, कारण तिला इमारत आहे आणि मनोरा आहे. टीव्हीला, लग्नांना, नोकरीला मनोरा नसतो.

ग्लासगोकर आई

पहिल्यांदाच लिहितेय, सांभाळून घ्या.

माझी मुलगी ग्लासगोत गॅलिक माध्यमात आहे, चौथ्या वर्षाला. का घातलं? खरं सांगू, घराजवळ आहे आणि वर्ग लहान आहेत. भाषाप्रेम वगैरे नंतर आलं. सासूबाईंनी फोनवर विचारलं, "आपली मराठी धड येत नाही आणि हे काय नवीन?" उत्तर नव्हतं.

पण एक सांगते. वर्गात सगळं गॅलिकमध्ये चालतं, अगदी गणितसुद्धा. घंटा झाली, पोरं मैदानात पळाली, की धडाधड इंग्रजी. बाई दारात उभ्या राहून गॅलिकमध्ये हाका मारतात, पोरं इंग्रजीत ओ देतात. दुष्टपणा नाही कुणाचा, फक्त खेळायची भाषा ती नाही. ते बघून मला माझ्याच घरातला सोफा आठवतो. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, दोघींनाही काही खटकत नाही.

हां, एक गोष्ट मात्र झाली. जेवण वाढलं की ती 'थँक्यू' म्हणत नाही, 'ताप्पा लेत' म्हणते. आणि परवा पोळी वाढली तर म्हणाली, "ताप्पा लेत, आई, अजून एक."

टवाळ खवीस

ताप्पा लेत, आई. +१. सासूबाईंना कळवा, 'आई' आणि 'अजून एक' शाबूत आहे.

कुळकर्णी मास्तर

ह्या ताईंचा प्रतिसाद धाग्यातला सर्वात उपयोगी.

एक अवांतर, पण अगदीच अवांतर नाही. १८११ ला एडिंबऱ्यात गॅलिक शाळांसाठी संस्था निघाली. लुईसवर तिच्या शाळांत मोठी माणसंसुद्धा बायबल वाचायला म्हणून अक्षर गिरवत. उद्देश धर्माचा, पण वाचणं मातृभाषेतलं. आणि त्यानंतर बारा वर्षांनी, १८२३ ला, स्कॉटिश मिशनरी आपल्या बाणकोटला उतरले, मग हर्णैला. त्यांनी काय काढलं? मराठी शाळा. मुंबईत ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे ते जॉन विल्सनही मराठी शिकायला आधी हर्णैलाच गेले होते. लोकांच्या भाषेत शिकवावं, हे त्या देशाला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. पुढे १८७२ ला सरकारने सगळ्या शाळा एका छपराखाली आणल्या तेव्हा छपराला गॅलिकची कौलं लावायची राहिली. तेव्हा भांडायचं असेल तर कायदा करणाऱ्यांशी भांडा. रेक्टर गिब्सन समोर आलेल्या पोरांना त्याच कायद्यातून जेवढं वर काढता येईल तेवढं काढत होते. तीस पोरांच्या वर्गासमोर उभं राहिलं की धोरण सुचत नाही, हा पोरगा पास कसा होईल एवढंच सुचतं.

मालवणी मुलगी

मास्तर, शेवटच्या वाक्यासाठी पूर्ण प्रतिसाद माफ.

एक प्रश्न मात्र आहेच. आता तरी लुईसवर मुलांना राहण्यासारखं काही आहे का? की अजून तीच बोट?

दर्यावर्दी

आहे थोडं. स्टॉर्नोवेला १९५३ पासून कॉलेज आहे, ते आता हायलंड्स आणि बेटांच्या विद्यापीठात आलंय, म्हणजे पदवी घरी राहून होते. २०१६ पासून 'ई-स्गॉइल' म्हणून ऑनलाइन शाळा स्टॉर्नोवेहून चालते. ज्या छोट्या शाळेत एखाद्या विषयाला शिक्षक नाही तिथल्या मुलांना पडद्यावरून शिकवतात. खाली बेनबेक्युला बेटावर १९८८ ला स्वतःचं हायस्कूल झालं. त्याआधी तिकडची पोरं बाराव्या वर्षी घर सोडून स्काय बेटावर नाही तर मुख्य भूमीवर राहायला जायची.

पण उलटंही होतंय. लुईसच्या गावोगावच्या शाळांमधले सुरुवातीचे माध्यमिक वर्ग एकेक करून बंद झाले आणि सगळी मुलं निकल्सनच्या नव्या इमारतीत बसने येतात. इमारत झकास. सकाळी तिच्यासमोर बसची रांग पाहिली. उतरणाऱ्या पोरांमध्ये दहा मिनिटं कान देऊन उभा होतो. गॅलिक एकदाच ऐकू आली, एका बस ड्रायव्हरकडून. तो दुसऱ्या ड्रायव्हरला शिवी देत होता बहुतेक.

नेमका मुद्दा

बेटांच्या कौन्सिलने २०२० मध्ये ठरवलं की पहिलीत येणारं मूल गॅलिक माध्यमातच धरायचं, इंग्रजी हवं तर पालकांनी तसं सांगायचं. आधी बरोबर उलट होतं. सक्ती नाही, फक्त फॉर्मवरची खूण कुठल्या बाजूला आधीच आहे एवढाच फरक. त्यावरही लंडन-एडिंबऱ्याकडे आरडाओरडा झाला. ही मुलं निकल्सनला पोचतील तेव्हा हा धागा वर काढू.

कुळकर्णी मास्तर

असा फॉर्म आपल्या एखाद्या तालुक्यात छापून बघा. मराठी माध्यम गृहीत, इंग्रजी हवं तर कारण लिहा. किती परत येतील?

दर्यावर्दी

मास्तर, पहिला माझ्या बहिणीचा येईल. तिची दोन्ही पोरं सावंतवाडीला इंग्रजी माध्यमात आहेत, आणि फी कमी पडली तेव्हा पैसे मी पाठवले होते.