बिमचे काम बाहेर देण्यामागे केवळ पगाराची बचत नाही
केवळ पगार वाचवण्यासाठी बांधकाम कंपन्या बिमचे, म्हणजे इमारतीच्या डिजिटल मॉडेलचे, काम बाहेर देतात, हे मत मला अपुरे वाटते. ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरच्या एखाद्या टॉवरचा विचार केला, तर आरसीसी (सळई-काँक्रीटचा सांगाडा), प्लंबिंग, वातानुकूलन आणि अग्निशमन यांची मॉडेल एकत्र जुळवून तुळईला आडवा जाणारा पाइप स्लॅब भरण्याआधीच शोधण्याचे काम काही महिनेच जोरात चालते. त्यानंतर तेवढे मॉडेलर आणि सॉफ्टवेअरचे वार्षिक परवाने सांभाळणे मध्यम कंपनीला परवडत नाही. मात्र काम बाहेर गेले, तरी जबाबदारी कंपनीचीच राहते. कोणत्या टप्प्यावर किती तपशील हवा, हे बिममधील माहिती हाताळण्याच्या आयएसओ १९६५० या आंतरराष्ट्रीय मानकानुसार आधीच लेखी ठरवावे आणि साइटवरचे बदल मॉडेलमध्ये उतरतात की नाही, हे पाहणारा अभियंता कंपनीचा स्वतःचा असावा, असा माझा आग्रह आहे.