ताज्या फुलांचं तेल का बिघडतं
झेंडूच्या ताज्या पाकळ्या खोबरेल तेलात घातल्या आणि आठ दिवसांत बुरशी आली, असं तुम्ही लिहिलंय. पाकळ्यांतल्या पाण्यामुळेच ते झालं. मी कॅलेंडुला वापरते (झेंडूसारखं दिसणारं फूल, पण आपला झेंडू नव्हे, ते झाडच वेगळं). फुलं सावलीत कुरकुरीत वाळवते, मगच तिळाच्या तेलात पूर्ण बुडवून चार आठवडे ठेवते. जास्वंद मात्र ताजीच घेते, पण मंद आचेवर कढवून. तेलाची चुरचुर पूर्ण थांबली की पाणी उडालं, लगेच उतरवायचं. जरा उशीर झाला तरी करपट वास येतो. मलमासाठी 100 ग्रॅम तेलाला 20 ग्रॅम मधमाश्यांचं मेण. उन्हाळ्यात थोडं वाढवा, नाहीतर मऊ पडतं. आणि कृपा करून उघड्या जखमेवर लावू नका. आधी मनगटावर लावून एक दिवस पाहा.