कापूस खरेदीच्या अ‍ॅपमध्ये माहितीचा प्रवाह एकाच दिशेने असावा का?

वणीकर:
हमीभावाच्या खरेदीत कापसाचा ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण दर मिळतो, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत दर उतरत जातो आणि त्याहून ओला कापूस परत जातो. म्हणजे ओलाव्याचा एक आकडा दुरुस्त केला की दर, रक्कम आणि पावती ही तिन्ही बदलली पाहिजेत. आमच्याकडील एका अ‍ॅपमध्ये रक्कम बदलते, पण पावतीवर जुनाच दर राहतो, कारण तो दर दोन पडद्यांनी (स्क्रीननी) वेगवेगळा साठवला आहे. माझ्या मते वजन आणि ओलावा या मूळ नोंदी एकाच स्टोअरमध्ये, म्हणजे अ‍ॅपच्या एकाच सामायिक साठ्यात, असाव्यात, बाकी सर्व त्यांवरून मोजले जावे आणि पडद्याने नोंद स्वतः न बदलता फक्त अ‍ॅक्शन, म्हणजे काय घडले ते सांगणारा संदेश, पाठवावी. २०१५ मध्ये आलेल्या रिडक्स या जावास्क्रिप्ट लायब्ररीने एकाच दिशेच्या प्रवाहाची हीच शिस्त रूढ केली.

हिंगणघाटकर:
मी असहमत आहे. आपण सांगितलेला दोष एकच गोष्ट दोनदा साठवल्याचा आहे आणि तो टाळायला रिडक्स लागत नाही. १९७९ मध्ये ट्रिग्वे रीन्सकॉग यांनी झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रात मांडलेल्या एमव्हीसी (मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर) रचनेतही मॉडेल, म्हणजे मूळ माहिती, एकच असते आणि अनेक दृश्ये त्याच्यावरून ताजी होतात. चार फॉर्मच्या अ‍ॅपवर अ‍ॅक्शन आणि रिड्यूसर (अ‍ॅक्शनवरून नवी स्थिती काढणारी फंक्शने) यांचा पसारा चढवणे म्हणजे चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला. हिशेब सर्व्हरवर ठेवा आणि तयार एचटीएमएल पान पाठवा. स्वस्त फोनवरही ते पान लवकर उघडते.

वणीकर:
नेटवर्क असेपर्यंतच! काट्यासमोर गाड्यांची रांग असताना ते गेले, तर आपण सुचवलेल्या रचनेत खरेदीच थांबते. अ‍ॅक्शन इंडेक्सडीबीत, म्हणजे फोनच्या ब्राउझरमधील साठ्यात, साठवल्या, तर नेटवर्क परतल्यावर त्या त्याच क्रमाने सर्व्हरकडे पाठवता येतात. दृश्याला जोडलेल्या मॉडेलमधून हा क्रम आपोआप मिळत नाही.

हिंगणघाटकर:
क्रमाचा मुद्दा मला मान्य आहे. परंतु फोनमध्ये दरांचा जुना तक्ता असेल आणि सर्व्हरने नंतर वेगळी रक्कम काढली, तर शेतकऱ्याच्या हातातील पावतीचे काय? अंतिम हिशेब सर्व्हरचाच असल्यामुळे तोपर्यंत पावतीवर ‘कच्ची’ असे छापावे.

वणीकर:
कच्च्या पावतीला माझा ठाम विरोध आहे, कारण कापूस उतरवून रिकामी गाडी घेऊन गेलेल्या शेतकऱ्याजवळ दुसरा पुरावा उरत नाही. प्रत्येक अ‍ॅक्शनसोबत लागू असलेल्या तक्त्याचा क्रमांक नोंदवावा आणि सर्व्हरने त्याच तक्त्याने हिशेब पडताळावा. तक्ता जुना निघाला, तर फरकाची वेगळी नोंद करावी, पण दिलेली पावती बदलू नये.