अमृता शेरगिलच्या ‘तीन मुली’ कोणाच्या दुःखाच्या?

गेरू:
अमृता शेरगिलच्या ‘तीन मुली’ या चित्राचे गोडवे ऐकून आता कंटाळा आला आहे. सरदार घराण्यातली, पॅरिसला शिकलेली मुलगी १९३४ च्या अखेरीस भारतात परतते, गरीब बायकांचे उदास चेहरे रंगवते, आणि त्यालाच आपण सामाजिक भान म्हणतो. तिचे ‘द स्टोरी टेलर’ २०२३ मध्ये ६१.८ कोटी रुपयांना विकले गेले. ज्यांचे दुःख रंगवले, त्यांच्या पदरात काय पडले?

जुना_ब्रश:
हे वाचून राहवले नाही. १९३५ च्या या चित्रातल्या तिघी गरीब नाहीत. त्या अमृताच्या भाच्या होत्या, त्याच सुखवस्तू गोतावळ्यातल्या. चित्र पुन्हा नीट पाहा. तिघी एकमेकींना खेटून आहेत, पण कोणी कोणाकडे पाहत नाही, आपल्याकडेही नाही. मागे ना खिडकी, ना सामान. अंगावरचे कपडे रंगीत आणि नजर मात्र खाली. खाऊनपिऊन सुखी असलेल्या घरातही मुलीच्या आयुष्याचा निर्णय दुसरेच घेतात, हे तिने आपल्याच माणसांत पाहिले. १९३७ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीने या चित्राला सुवर्णपदक दिले, ते गरिबीच्या प्रदर्शनाला नव्हे.

शाईची_दौत:
मला या चित्राबद्दल कोणी समजावून सांगण्याची गरज पडली नाही. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षांत मला ए श्रेणी होती. पुढे चित्रकलेच्या महाविद्यालयात जायचे म्हटल्यावर अण्णांनी रंगांची पेटी माळ्यावर टाकली. दोन वर्षांनी पाहण्याच्या कार्यक्रमात ‘मुलीला चित्रकला येते’ हे त्यांनीच अभिमानाने सांगितले. तेव्हा मी पोह्यांच्या बशीवरचा खोबऱ्याचा कीस पाहत बसले होते. वर पाहिले असते, तर रडले असते.

ठाम_रेष:
ताई, तुमचे दुःख खरे आहे, पण सगळा दोष वडिलांवर टाकू नका. मी सव्वीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवली. परीक्षा जवळ आली की माझा तास गणिताला जाई. ग्रेड परीक्षेला मुले बसत ती दहावीच्या वाढीव गुणांसाठी. गुण पदरात पडले की वही बंद. जिथे शाळाच या विषयाला किंमत देत नाही, तिथे पालकांनी कोणत्या भरवशावर मुलीला पाठवावे?

शाईची_दौत:
भरवसा? माझ्या भावाला त्याच घरातून नाटकात जाऊ दिले, तेव्हा भरवसा कोणी विचारला नाही. सर, तुमच्या तासाचे नुकसान मला कळते, पण गणिताने तुमचा तास घेतला आणि माझ्या घराने माझा हात बांधला, या दोन गोष्टी एका पारड्यात घालू नका.

ठाम_रेष:
भावाचे तुम्ही आधी सांगितले नव्हते. तो भेद असेल तर माझे बोलणे इथे लागू होत नाही, हे मान्य करतो. पण शाळेबद्दलचा एक शब्दही मागे घेणार नाही.

गेरू:
आपण शाळेत आणि माळ्यावर अडकलो. मूळ प्रश्न तसाच आहे. तिघी भाच्या होत्या हे मला ठाऊक नव्हते. पण त्याच वर्षीच्या ‘पहाडी स्त्रिया’ या चित्राचे काय? सिमल्याकडच्या त्या बायका काही तिच्या नात्यातल्या नव्हत्या. १९७८ मध्ये ते चित्र टपाल तिकिटावरही आले. तिकिटावर नाव चित्रकर्तीचे, बायका निनावी.

जुना_ब्रश:
हा मुद्दा मला खोडता येत नाही. त्या चित्रात ती दुरून पाहते आहे, हे जाणवते. मात्र ती तिथेच थांबली नाही. १९३६ मध्ये तिने अजिंठा पाहिला, मग ती दक्षिणेत फिरली, आणि १९३७ च्या ‘वधूचा शृंगार’ या चित्रात माणसे नुसती उदास उभी नाहीत, ती एकमेकींत वावरतात. १९४१ मध्ये लाहोरला तिचे निधन झाले तेव्हा ती जेमतेम २८ वर्षांची होती. एवढ्या थोड्या काळात तिची नजर किती बदलली, हे मोजणार की नाही?

गेरू:
मोजेन. ‘तीन मुलीं’पुरती मी माघार घेतो. ‘पहाडी स्त्रियां’बाबत घेणार नाही.