ऑस्ट्रेलियाला धाडलेले कैदी नशीबवान होते म्हणे!

दुर्गवाट
टास्मानियाच्या सहलीवरच्या धाग्यात सह्यकडा यांनी काल लिहिलंय: "इंग्लंडात उपाशी मेली असती ही माणसं. तिकडे आठवड्याला ७ पौंड मांस मिळालं, चार वर्षांत मोकळी झाली, वर जमीन. याला शिक्षा म्हणायचं की लॉटरी?" खाली 'सहमत' म्हणणाऱ्यांची रांग. वाचल्यापासून डोकं तापलंय, म्हणून वेगळा धागा काढतोय.

१७८८ ते १८६८ या काळात सुमारे १,६२,००० माणसं तिकडे धाडली गेली. पोर्ट आर्थर, म्हणजे टास्मानियातला कैद्यांचा तुरुंग, बघून आलं की वाटतं सगळे तिथेच खितपत होते. तसं नव्हतं. १८४० पर्यंत बहुतेकांची वर्षं गेली ती कुणातरी खाजगी मालकाच्या मेंढ्यांमागे, शेतात, नाहीतर स्वयंपाकघरात. सरकार कैदी मालकाच्या हवाली करायचं, याला 'असाइन' करणं म्हणत. मालकाने खायला-ल्यायला आणि डोक्यावर छप्पर द्यायचं. मजुरी नाही.

आता ते ७ पौंड मांस. नियमात होतं, खरं आहे. पण नासकं मिळालं तर तक्रार कुठे करायची? मॅजिस्ट्रेटकडे. आणि मॅजिस्ट्रेट म्हणजे बहुतेक वेळा शेजारचा जमीनदार. मालकाला स्वतः चाबूक उचलायचा अधिकार नव्हता, तो कैद्याला या शेजाऱ्यापुढे उभा करायचा. उलट बोलला, कामात आळस केला, हे गुन्हे. न्यू साउथ वेल्समध्ये २७,००० च्या आसपास पुरुष कैदी होते, तिथे १८३५ या एका सालात ७,१०३ वेळा फटक्यांची शिक्षा झाली.

आणि 'चार वर्षांत मोकळे'? ७ वर्षांच्या शिक्षेला ४ वर्षांनी आणि जन्मठेपेला ८ वर्षांनी 'तिकीट ऑफ लीव्ह', म्हणजे शिक्षा संपायच्या आधी स्वतःसाठी काम करायची सवलत, मिळू शकायचं, तेही वर्तणूक स्वच्छ असेल तर. वर्तणूक कशी ते कुणाच्या शब्दावर ठरणार? ज्याच्या घरी फुकटात राबणारा सुतार आहे, त्या मालकाच्या! तिकिटाची वेळ जवळ आली की एक तक्रार पुरे, माणूस आणखी काही काळ त्याच्याच दावणीला. तिकीट मिळालं तरी नेमून दिलेला जिल्हा सोडायची मुभा नाही. जमिनीचं म्हणाल तर १८३१ ला फुकट जमीन देणं बंद झालं, पुढे लिलाव. शिक्षा संपल्यावर घरी परतायचं भाडं ज्याचं त्याने जमवायचं.

सह्यकडा
माझ्या एका वाक्यावर एवढा मोठा धागा! असो, उत्तर देतो. तुम्ही मॅजिस्ट्रेटची गोष्ट सांगता, पण तुलना कशाशी करताय तेच सांगत नाही. त्याच काळात ब्रिटिश सैनिकालाही फटके बसत होते. १८३४ नंतर इंग्लंडात गरिबाला वर्कहाउस होतं, म्हणजे राबवून घेऊन पोटाला देणारं आश्रयगृह, नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे. मेरी रीबी घोडा चोरल्याबद्दल पोरवयात धाडली गेली, सिडनीत तिला मेजर ग्रोसच्या घरी मुलं सांभाळायला लावलं, आणि आज ती ऑस्ट्रेलियाच्या २० डॉलरच्या नोटेवर आहे. कैद्यांची तिकडे जन्मलेली पोरं आईबापांपेक्षा उंच निघाली, हे त्या काळच्या लोकांनीच लिहून ठेवलंय. उंची खोटं बोलत नाही.

पॅरामॅटाकर
दुर्गवाट यांच्या मालकाच्या शब्दाच्या मुद्द्याशी शंभर टक्के सहमत. मी इथे आलो तेव्हा व्हिसा एका मालकाच्या स्पॉन्सरशिपवर होता. पगारवाढ मागितली की तो एवढंच म्हणायचा, "पीआरच्या (कायम राहण्याच्या परवान्याच्या) कागदावर सही माझीच लागणार आहे." आवाज चढवायचा नाही, शिवी नाही. पण माझी मान खाली. ते दिवस आठवले की अजून घशात काही अडकतं.

सह्यकडा
साहेब, तुम्ही राजीनामा देऊन विमानात बसू शकत होता. कैद्याच्या पाठीवरचे वळ आणि तुमची पगारवाढ एकाच पारड्यात टाकू नका.

पॅरामॅटाकर
फटक्यांशी तुलना केलीच नाही! सहीच्या भीतीबद्दल बोललो. आणि घरावर कर्ज काढून आलेला माणूस विमानात सहज बसतो असं वाटणाऱ्याने मला शिकवू नये.

मोहोर
सगळी चर्चा पुरुषांचीच का? सुमारे २५,००० बायका होत्या. घरकामाला दिलेली मुलगी गरोदर राहिली की तिला फिमेल फॅक्टरीत, म्हणजे बायकांच्या तुरुंग-कारखान्यात, परत पाठवायचे. बाप कोण, हे विचारलं तरी भोगायचं तिनेच. टास्मानियात हॉबार्टच्या कॅस्केड्स फॅक्टरीत मूल अंगावरून तोडलं की आईला शिक्षेच्या वर्गात टाकत. तिथल्या पाळणाघरात किती बाळं गेली! सिडनीजवळच्या पॅरामॅटाच्या फॅक्टरीत १८२७ साली रेशन कापलं तेव्हा या बायका दार फोडून गावात शिरल्या होत्या. लॉटरी लागलेल्या बायका असं करतात का?

माझ्या आईने परळला चार घरची धुणीभांडी केली. एका घरी तिच्यावर वाटी चोरल्याचा आळ आला. दुसऱ्या दिवशी तिने ते काम सोडलं आणि पुन्हा त्या जिन्याची पायरी चढली नाही. असाइन केलेल्या बाईला हे करता येत नव्हतं. ती निघून गेली असती तर 'फरार' म्हणून पकडली गेली असती.

बोरीबंदर
दरवेळी गोऱ्यांचंच दुःख. १८१५ ते १८३७ मध्ये बंगाल आणि मुंबई इलाख्यातून सुमारे १,५०० कैदी मॉरिशसला नेले, तिथले रस्ते त्यांनी बांधले. त्यांच्यावर आपल्याकडे एक धागा दाखवा. त्यांची नावं कुठल्या नोटेवर आहेत?

दुर्गवाट
जरूर लिहा, मी वाचेन. पण एकाचं दुःख लिहिल्याने दुसऱ्याचं पुसलं जात नाही.

सोनकी
मला सगळ्यांचाच राग येतोय. ज्या मेंढ्यांमागे हे कैदी राबले, ती कुरणं कुणाची होती? १० जून १८३८, न्यू साउथ वेल्समधला मायॉल क्रीक हा गुरांचा मळा. तिथल्या मूळनिवासी वीरायाराय लोकांपैकी किमान २८ जण मारले, बहुतेक बायका, पोरं, म्हातारे. मारणारे कोण? खटला चालला ते अकराही जण कैदी किंवा माजी कैदी. त्यातला किलमीस्टर तिथलाच असाइन केलेला गुराखी, याच लोकांशी त्याची ऊठबस होती. कैद्यांसाठी रडताना हे विसरू नका.

दुर्गवाट
विसरलो नाही. पण टोळीचा म्होरक्या कोण ते का गाळलंत? जॉन फ्लेमिंग, मोकळा माणूस, जमीनदाराचा मुलगा. तो पळाला आणि त्याच्यावर खटलाच उभा राहिला नाही. फासावर गेले सात, सगळे खालचे. आणि साक्ष कुणी दिली? जॉर्ज अँडरसनने, त्याच मळ्यावरच्या असाइन केलेल्या कैद्याने.

सोनकी
म्हणजे हुकमाचे ताबेदार म्हणून सुटका? किलमीस्टरला बेडी घालून नेलं नव्हतं, तो घोड्यावर बसून गेला. अँडरसन त्याच झोपडीत राहत होता, त्याने नकार दिला. दोघांची स्थिती एकच, मग एकाला जमलं ते दुसऱ्याला का नाही?

सह्यकडा
हेच म्हणतोय! असाइन केलेला माणूस निव्वळ बाहुलं नव्हता.

सोनकी
माझ्या खांद्यावर बंदूक ठेवू नका. बाहुलं नव्हता म्हणून तो नशीबवान ठरत नाही.

मोहोर
दुर्गवाट, इथे मी सोनकीच्या बाजूने. मालकाने पिळलं म्हणून दुसऱ्याच्या लेकरावर तलवार चालवायची मुभा मिळत नाही.

दुर्गवाट
मुभा दिलीच नाही. सात जणांचा फास योग्य होता, यावर वाद नाही. किलमीस्टर दोषीच. माझं म्हणणं एवढंच की फ्लेमिंग घरी गेला, आणि ती व्यवस्था पुढे तशीच चालली.

सोनकी
ठीक. फ्लेमिंगपुरतं मान्य. त्यापुढे एक शब्दही नाही.

सह्यकडा
१८३१ नंतर फुकट जमीन नव्हती, तो मुद्दा सोडतो. 'लॉटरी' शब्दही मागे घेतो, मोहोर यांच्यासाठी, तुमच्यासाठी नाही. पण उंचीचं उत्तर अजून दिलेलं नाही.

दुर्गवाट
देतो. पोरं उंच झाली कारण ती मोकळी जन्मली, त्यांना कुणाच्या हवाली करत नव्हते. तुम्ही पोरांची उंची मोजून आईबापांच्या पाठीचा हिशोब मांडताय. १८३३ साली हंटर खोऱ्यात जेम्स मुडीच्या कॅसल फोर्ब्स मळ्यावरचे कैदी बंड करून उठले. सहांवर खटला, पाच फासावर. अन्न आणि फटके, हेच त्यांचं गाऱ्हाणं होतं. ७ पौंड मांसाचा नियम तेव्हाही लागू होता.