मेलबर्न: आईला घेऊन फुट्सक्रेमध्ये राहावं का? सल्ला हवा आहे

सोनटक्का

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात पुण्याहून मेलबर्नला येतेय. नोकरी पार्कव्हिलच्या एका प्रयोगशाळेत. सोबत आई. वय ६८, मूळची गुहागरची, शाकाहारी. इंग्रजी 'यस, नो, थँक्यू' एवढंच, पण गप्पा मारायला भाषा लागते असं तिला वाटत नाही.

ओळखीतल्या दोघा मराठी मंडळींनी टार्नीट नाहीतर पॉइंट कुक सुचवलं. मी मात्र फुट्सक्रे हेरून ठेवलंय. शहरापासून पाच-सहा किलोमीटर, आणि मला गाडी चालवायची नाहीये. पण नाव काढलं की समोरचा म्हणतो, "अगं, तिथे?" पुढे काही सांगत नाही. तिथे राहिलेल्यांनी खरं काय ते सांगा. आई दिवसा एकटी बाहेर पडू शकेल का? भाजीपाला? आणि घर घेताना काय बघू?

टार्नीटचा तात्या

ताई, आमच्याकडे या. चार खोल्यांचं घर, मागे अंगण, हाकेच्या अंतरावर मराठी माणूस, गणपतीत आरतीला पन्नास टाळकी. प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगतो. आमचं स्टेशन २०१५ ला झालं आणि गाडी व्ही-लाइनची, म्हणजे गावाकडे जाणारी. सकाळी तिच्यात उभं राहिलं की विरार लोकल आठवते. दुसरं, इथे गाडी नसेल तर साधी कोथिंबीर आणायची म्हणजे मोहीम. माझी आई आली होती तेव्हा तीन महिने खिडकीतून शेजाऱ्याचं गवत वाढताना बघत होती.

बिनपंखी

"अगं, तिथे?" चं उत्तर मी देतो. २००७ ते २०११ फुट्सक्रेत होतो, विद्यार्थी म्हणून. एका घरात सात जण, रात्री साफसफाईची पाळी, शेवटची ट्रेन. २००९ मध्ये मेलबर्नच्या पश्चिम भागात भारतीय मुलांवर हल्ले होत होते. ३१ मे ला शहरात मोर्चा निघाला, त्यात मीही होतो. जानेवारी २०१० मध्ये शेजारच्या यारावीलच्या एका बागेत कामावर निघालेल्या भारतीय मुलाचा खून झाला. त्या आठवड्यात आई दिवसातून चार वेळा फोन करायची आणि मी "इथे काही नाही गं" म्हणत राहायचो. स्टेशनवरून घरी मात्र चाव्या मुठीत धरून जायचो.

त्याआधीपासूनच निकल्सन स्ट्रीटच्या मॉलमध्ये (इमारत नव्हे, फक्त पायी चालायचा बाजाररस्ता) गर्दची विक्री चालायची, तीही बदनामी होती. आपल्या लोकांच्या डोक्यात फुट्सक्रे तिथेच थांबलंय. आज मी दर शनिवारी बायको-मुलीला घेऊन तिथे बाजाराला जातो. मॉलच्या बाकांवर दारू पिऊन बसलेला एखादा अजून दिसेल, तो आपल्याच तंद्रीत असतो. दिवसा आई बिनधास्त फिरेल. रात्री दहानंतर स्टेशनभोवती जेवढं सावध राहायचं तेवढं कुठेही राहावंच लागतं.

दगडफोड्या

हातासरशी गावाचा इतिहास सांगून टाकतो, घर बघताना उपयोग होईल. (भूगर्भशास्त्राचा मास्तर आहे, पाल्हाळ माफ.)

इथल्या गल्ल्यांत जो काळसर निळा दगड दिसतो, त्याला हे लोक ब्लूस्टोन म्हणतात. तो बेसाल्ट आहे, आपल्या सह्याद्रीचा भाऊच. फक्त वयाने फार लहान. आपला सहा-साडेसहा कोटी वर्षांचा, हा त्याच्यापुढे काल-परवाचा. मेलबर्नच्या पश्चिमेला सगळं लाव्हाचं पठार आहे. फुट्सक्रेत त्याच्या खाणी होत्या आणि शहरातल्या किती तरी इमारती नि फरसबंद गल्ल्या या दगडावर उभ्या आहेत.

नदीचं नाव मॅरिबिर्नाँग. तिच्या काठाने 'कुलिन' नावाच्या आदिवासी समूहातले लोक हजारो वर्षं राहत होते. गोऱ्यांनी आधी तिला 'सॉल्टवॉटर' म्हटलं आणि एकोणिसाव्या शतकात काठावर कत्तलखाने, चामड्याचे नि हाडांचे कारखाने, साबण-मेणबत्तीच्या भट्ट्या आणून बसवल्या. शहराला जे जे नकोसं ते नदीपलीकडे. वास असा की गावाची टिंगल व्हायची. पुढे काडतुसांचा, दोरखंडांचा, टायरचा कारखाना. म्हणजे नाव ऐकून नाक मुरडायची परंपरा आपल्या मराठी मंडळींनी सुरू केलेली नाही, दीडशे वर्षं जुनी आहे!

कारखाने म्हणजे कामगार, आणि स्वस्त घरं. दुसऱ्या महायुद्धानंतर इटालियन, ग्रीक, युगोस्लाव्ह आले. १९७३ मध्ये 'गोरा ऑस्ट्रेलिया' धोरण अधिकृतपणे मोडीत निघालं, १९७५ मध्ये सायगाव पडलं, आणि व्हिएतनामी निर्वासित यायला लागले. बरेच जण आधी शेजारच्या मॅरिबिर्नाँगमधल्या सरकारी वसतिगृहात उतरले, मग चालत जाता येईल तिथे खोल्या बघितल्या. तोवर कारखाने बंद पडायला लागले होते, दुकानांचे गाळे रिकामे होते. त्यांनी ते भरले. नव्वदच्या दशकापासून इथिओपिया, एरिट्रिया, सुदानचे लोक. मग आपले विद्यार्थी. आता लाखाने कमावणारे गोरे जोडपे पहिल्या कामगाराचं फळ्यांचं घर घेऊन कुंपणाला पांढरा रंग देतात.

बिनपंखी

@दगडफोड्या, फ्रँको कोझो राहिला! सिसिलीहून आलेला फर्निचरवाला. टीव्हीवर त्याची जाहिरात तीन भाषांत लागायची आणि तो गावाचं नाव 'फूट-इझ-क्रे' म्हणायचा. २०२३ मध्ये गेला. अजून जुन्या मेलबर्नकराला फुट्सक्रे म्हटलं की तो तसंच म्हणून दाखवतो.

खमंग काकू

पुरुष मंडळी दगड नि फर्निचर घेऊन बसली, आईंच्या जेवणाचं काय? वेस्ट फुट्सक्रेत सहा वर्षं काढली आहेत, ऐक.

डाळी, पोहे, गोडा मसाला, ताक हे बार्कली स्ट्रीटवर वेस्ट फुट्सक्रेच्या टोकाला. आपली बरीच दुकानं तिथे आहेत. पण भाजीसाठी स्टेशनसमोरच्या फुट्सक्रे मार्केटमध्येच जायचं. अजून एक सायगाव मार्केट होतं, डिसेंबर २०१६ मध्ये जळालं. त्याची हळहळ अजून वाटते. कोकणातल्या बाईला मार्केटमध्ये घरी आल्यासारखं वाटेल. व्हिएतनामी स्वयंपाक आणि आपलं परसू यांचं जुनं नातं असावं. केळफूल, कच्चा फणस, ओली हळद, कारली, लाल भोपळा. केळफूल ते सॅलडमध्ये कच्चंच बारीक चिरून घालतात. दुपारी उशिरा गेलीस तर भाज्यांचे वाटे स्वस्तात काढतात, ओरडून ओरडून. मला पहिल्यांदा मंडईच आठवली.

बाहेर खायचं तर दोन गोष्टी लक्षात ठेव. व्हिएतनामी ठिकाणी 'व्हेजिटेरियन' म्हणून भागत नाही, माशाचं पाणी (फिश सॉस) भाजीतही असतं. 'चाय' असं विचार, म्हणजे बौद्धांचं शाकाहारी. पौर्णिमेला आणि अमावस्येनंतरच्या पहिल्या दिवशी त्यांच्यातले पुष्कळ जण शाकाहार करतात.

दुसरं, इथिओपियन. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचे बुधवार-शुक्रवार उपवासाचे असतात, त्या दिवशी मांस, दूध, अंडं काही नाही. म्हणून प्रत्येक हॉटेलात 'बेयायनेतू' नावाचं उपवासाचं ताट असतंच. खाली इंजेरा, म्हणजे टेफ नावाच्या धान्याचं आंबवलेलं, जाळीदार, आंबोळीचंच मोठं भावंड. वर मसूर, कोबी, पालेभाजी आणि शिरो. शिरो म्हणजे सांगू का, पिठलं! माझ्या सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "यात लसूण जरा जास्त झालाय." हाताने खायचं, काटे-चमचे नाहीत. आईंना हे शहरातल्या कुठल्याही हॉटेलापेक्षा मानवेल.

गोडाचं हवं असेल तर हॉपकिन्स स्ट्रीटवर काव्हालारो, १९५६ पासूनचं इटालियन दुकान, कनोली घे. (अंडं चालत असेल तरच, विचारून.)

यारावीलची वेणू

घराबद्दल, कारण वरच्या सगळ्या गोडगोड सल्ल्यांत ते हरवतंय.

नदीकाठी नवे उंच टॉवर झालेत, दिसायला सुंदर. भाडेपट्टी करण्याआधी पुराचा नकाशा बघ. ऑक्टोबर २०२२ मध्ये मॅरिबिर्नाँगला मोठा पूर आला होता. वरच्या मजल्यावर असलीस तरी तळघरात गाड्या आणि विजेची यंत्रणा असते.

ट्रक. बंदर शेजारीच आहे, कंटेनरचे ट्रक वर्षानुवर्षं वस्तीतून जात आलेत. वेस्ट गेट टनेल झाल्यावर काही रस्त्यांवर ट्रकबंदी आली, पण तू घर बघायला रविवारी जाऊ नकोस, कामाच्या दिवशी सकाळी सातला जा आणि पाच मिनिटं फुटपाथवर उभी राहा. आईला दमा असेल तर नक्कीच. आणि गोदामांच्या अगदी लगतचं घर नको. ऑगस्ट २०१८ मध्ये वेस्ट फुट्सक्रेत एका गोदामाला आग लागली होती, काळा धूर सगळ्या शहरावर. शेजारच्या ओढ्यातले मासे मेले.

जुनं फळ्यांचं घर घेतलंस तर थंडीत घरात स्वेटर घालूनच बसायचं. भिंती कागदाच्या. मालक हीटरबद्दल काय म्हणतो ते लेखी घे. आमच्या पहिल्या मालकाने 'पुढच्या आठवड्यात' म्हणत आख्खा हिवाळा काढला.

नोकरीसाठी मात्र जागा अचूक निवडली आहेस. सनबरी लाइनच्या गाड्या आता मेट्रो टनेलमधून जातात, फुट्सक्रेला बसायचं, पार्कव्हिलला उतरायचं. बदलायची भानगड नाही.

टार्नीटचा तात्या

बदलायची भानगड नाही? मग मी गप्प बसतो.

आठवा गडी

सगळं सांगितलंत, बुलडॉग्ज कुणी सांगितलं नाही. इथला ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा क्लब, मैदान व्हिटन ओव्हल, वेस्ट फुट्सक्रेत. १९५४ ला लीगची फायनल जिंकले, त्यानंतर थेट २०१६ ला. मधल्या काळात, १९८९ मध्ये, क्लब दुसऱ्यात विलीन करायचं ठरलं होतं. लोकांनी दारोदार वर्गणी काढून वाचवला. २०१६ ला फायनलच्या रात्री बार्कली स्ट्रीटवर ग्रीक आजोबा, सोमाली पोरं आणि माझा पंजाबी टॅक्सीवाला मित्र गळ्यात गळे घालून रडत होते. मी कोणत्या खेळाडूने काय केलं ते समजत नसताना रडलो. लाल-पांढरा-निळा मफलर विकत घे, ओळख आपोआप होते.

सोनटक्का

सगळ्यांचे मनापासून आभार. येऊन तीन आठवडे झाले, उशिरा लिहितेय. वेणू, सकाळी सातला फुटपाथवर उभी राहिले आणि पहिलं घर तिथल्या तिथे रद्द केलं. आता हॉपकिन्स स्ट्रीटच्या मागे एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आहोत. ट्रेनचा आवाज येतो, आईला आवडतो.

काकू, आई माझ्याशिवाय मार्केटमध्ये जाते. पहिल्याच दिवशी हिरवी, चकचकीत, बदामाच्या आकाराची पानं घेऊन आली, विड्याची म्हणून. जेवणानंतर चुना लावून, सुपारी घालून तोंडात टाकलं आणि चेहरा वाकडा. दुसऱ्या दिवशी उरलेली जुडी घेऊन दुकानात गेली. गल्ल्यावरच्या म्हाताऱ्या बाई हसून हसून टेकल्या. हाताने दाखवलं: यात मांस गुंडाळायचं, भाजायचं. आई 'नो, नो, नो'. मग आईने गालात काहीतरी धरल्याची, चघळल्याची नक्कल करून दाखवली. बाईंनी हसणं थांबवलं, आत गेल्या आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली दुसरी जुडी घेऊन आल्या. खरी नागवेलीची. त्यांच्याकडे जुन्या बायका खातात म्हणे, सुपारी-चुना लावूनच. हे त्यांच्या नातवाने इंग्रजीत मला नंतर सांगितलं. आईला तेव्हाच कळलं होतं.

ट्रेनमधून शहराकडे जाताना नदीकाठी उंच सोनेरी मूर्ती दिसते. आई रोज हात जोडते आणि विचारते, कुठली देवी? कुणाला माहीत आहे?

दगडफोड्या

माझू. चिनी खलाशांची दर्यादेवी. तिथे मोठं देऊळ आहे, आईंना घेऊन जा. चप्पल काढायची का ते दारातल्या माणसाला विचारा, मी काढली होती आणि तो माझ्याकडे बघत राहिला.